पाणी दाखवलं, पण पेली न्हाई

मोटारीच्या धंद्यात मी शिरलो तो चाकातून. आमचं घराणं जालन्यातलं, सुताराचं. वडील बैलगाडीची चाकं बनवायचे. त्या काळच्या मोटारींची चाकंही लाकडाच्या आऱ्यांचीच असायची, हे आजच्या पोरांना सांगितलं तर पोरं माझ्याकडं बघून हसतात. हसू द्या. चैत्र-वैशाखात आपल्याकडची हवा लाकूड असं सुकवते की आरे ढिले पडतात आणि चाक कुईकुई करायला लागतं. एका साहेबाचा ड्रायव्हर असंच एक बोलकं चाक खांद्यावर घेऊन वडिलांकडं आल्ता. वडिलांनी ते बैलगाडीच्या चाकासारखं दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवलं, दोन पाचरी मारल्या आणि चाक गप्प झालं. ते पोचवायला मी गेल्तो. तिथं मोटारीचं झाकण उघडं होतं. मी आत डोकावलो आणि त्यानंतर घरी रंधा धरायला कधी मनापासून बसलो न्हाई.

आमची शाळा उर्दूत झाली, मराठी घरी शिकलो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी बघून घ्यावं. मोटारीचं मी बघतो.

मोटार समजायला चूल समजली पाहिजे. चुलीला सरपण लागतं, हवा लागते, काडी लागते. मोटारीला पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिन्हीतलं एक न्हाई तर गाडी चालत न्हाई, आणि तिन्ही असून चालली न्हाई तर मिस्त्रीनं आपलं डोकं तपासावं. आता चूल पेटली की लोखंड तापतं. ते करपू नये म्हणून त्याच्या अंगातून पाणी खेळवलेलं असतं, आणि ते पाणी समोरच्या जाळीत येऊन वाऱ्यानं निवतं. त्या जाळीला म्हणतात रेडिएटर. आम्ही जालन्याचे मिस्त्री त्याला रेडेटर म्हणायचो. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढं यानंच माझी अब्रू घालवली आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असायची. एका रुईच्या व्यापाऱ्याची मोटार दर हंगामात चढावर दम टाकायची. त्यानं लिंबू-मिरची बांधून झाली, दिव्याला काळी बाहुली लावून झाली, शेवटी माझ्याकडं आला. मी जाळीत बोटं घालून चांगली मूठभर रुई उपसून काढली. जिनिंगच्या आवारात गाडी उभी राहायची, उडती रुई जाळीत जाऊन बसायची, वारा आत जाणार कुठून? व्यापारी म्हणाला, एवढंच होतं? म्हणलं, शेठ, नजर लागली ती तुमच्याच मालाची. तो पुढं वीस वर्षं माझं गिऱ्हाईक राहिला, पण ही गोष्ट चारचौघांत काढली की रागवायचा.

पण मला सांगायचं आहे ते हसनाबादच्या दौलतराव पाटलांच्या मोटारीचं. जालन्याहून बदलून गेलेल्या एका साहेबाची ती मोटार. चार सिलिंडरची, कापडी छताची, हँडल मारून चालू करायची. दोन वर्षं एका पडवीत उभी होती. पाटलांनी बाहेरून टिचकी मारून पाहिली, भोंगा वाजवून पाहिला आणि घेतली. मिस्त्री मंग शोधला. सगळे असंच करतात. बैल घ्यायचा तर दात मोजतील, शेपटी ओढतील, चालवून बघतील, चार जाणते सोबत नेतील. आणि मोटार घ्यायची तर भोंगा बघतील. आता भोंगा तेवढा त्या मोटारीचा फर्स्टक्लास होता. मोटार हसनाबादला गेली ती बैलजोडीनं ओढत, आणि वाटभर पाटील भोंगा वाजवत गेले.

दसऱ्यानंतर पाटील माझ्याकडं आले. म्हणाले, मिस्त्री, दिवाळीपर्यंत आमच्याकडंच येऊन राहा, गाडी चालती करा आणि ती कशी सांभाळायची ते आमच्या माणसाला शिकवून जा. मी म्हणलं, घाई काय आहे? तर म्हणाले, पाडव्याच्या दिवशी ही मोटार धावड्याला गेली पाहिजे. गेली न्हाई तर मंग ती मी परत गोठ्यातच लावतो, कोंबड्या बसू देत तिच्यात. मला वाटलं, हौशी माणूस आहे, सोयऱ्याधायऱ्यांत मिरवायचं असंल.

हसनाबादला पोचलो तर मोटार खरंच गोठ्यात, बैलांच्या रांगेत. समोर गव्हाण. गव्हाणीत कुणीतरी चार पेंढ्याही टाकलेल्या. बैल बिचारे जागा सोडून एका कोपऱ्यात दाटीनं उभे होते. तिथला कारभारी होता सांडू. पाटलांचा जुना गाडीवान, पन्नाशी ओलांडलेला, बोलायला कमी. भोकरदनच्या मुलखात सांडू नावाचे गावोगाव सापडतात, पण असा एकच. मी त्याला सांडूबा म्हणायचो, तो मला मिस्त्री.

पहिले पाच दिवस मी मोटारीचं पोट साफ केलं. सीटमधे उंदरांनी तीन पिढ्या वाढवल्या होत्या. पेट्रोलच्या नळीत राळेसारखं चिकट साचलं होतं, ते काढलं. प्लग घासले, टोकांमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीनं बराबर केली. ठिणगी आली, पेट्रोल आलं, हँडल मारलं की इंजिन दोन ढेकर द्यायचं आणि गप. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हँडल मारून खांदा उतरायची वेळ आली. शेवटी वाटलं, चुलीला सगळं दिलं, धुराडं कुणी बघितलं? मागं जाऊन धुराच्या नळीत काडी घातली तर काडी आत जाईना. कुंभारीण माशीनं आत मातीचं घर बांधलं होतं, चांगलं तीन खोल्यांचं. ते फोडलं आणि पुढच्या हँडलाला मोटार अशी गरजली की एक गोऱ्हा दावं तोडून थेट नदीकडं पळाला.

पाटलांनी भोंगा वाजवला. मी म्हणलं, आधी गोऱ्हा आणा.

त्याच संध्याकाळी पाटलांनी मला धावड्याचं खरं कारण सांगितलं. त्यांची एकच बहीण, गयाबाई, धावड्याला दिलेली. पाच वर्षांमागं दिवाळीला माहेरी येताना तिची बैलगाडी नाल्यात पलटी झाली. कमरेला असा मार बसला की तेव्हापासून बैलगाडीचा धक्का तिला सोसत न्हाई, आणि हसनाबाद-धावडा म्हणजे बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. पाच वर्षांत ती माहेरी आली न्हाई. पाटील दर भाऊबीजेला जायचे, ओवाळून घ्यायचे, परत यायचे.

"मी जातो, मिस्त्री, पण तिला घर बघायचंय," पाटील म्हणाले. "कपिलेची वासरं केवढी झाली, चुलीपुढची ती फरशी बदलली का, सगळं इचारती. मी सांगतो आन् ती डोळे मिटून ऐकती. मला ते बघवत न्हाई."

गयाबाईची सासू मोठी करारी बाई. तिनं निरोप धाडला होता: पाडव्याला दिवस माथ्यावर यायच्या आत मोटार दारात दिसली तर सून नेता येईल. उतरत्या उन्हात मी तिला वाट धरू देणार न्हाई, एकदा दिली तेवढी बस. मोटार वाटेत बंद पडणार असली तर येऊच नका.

म्हणजे आता माझ्यावरच आलं की हो. मोटारीसाठी मोटार दुरुस्त करणं वेगळं आणि हे वेगळं. मी दुसऱ्या दिवसापासून जास्तच रुबाब करायला लागलो. घाबरलो की मी रुबाब करतो, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे.

मला काही सामान आणायला तीन दिवस जालन्याला जायचं होतं. निघण्याआधी सांडूला सगळं समजावलं. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, न्हाई तर उलटा फटका बसून मोडतो. चाकावर रोज पाणी शिंपडायचं. पाटील गावात एखादा फेरा मारतीलच, तर तेल दांडीवर बघायचं. मंग समोरची जाळी दाखवून म्हणलं, हा रेडेटर. याच्याकडं बिलकुल दुर्लक्ष करायचं न्हाई. सांडूनं विचारलं, याचं काय करायचं? मी घाईत होतो. शिवाय शेतकरी माणसाशी शेतकऱ्याच्या भाषेत बोलावं अशी मला अक्कल. म्हणलं, अरे, जनावराला दाखवतोस तसं रोज सकाळ-संध्याकाळ पाणी दाखवायचं, झालं. तो म्हणाला, बरं. तिकडून पाटील ओरडले, आन् मिस्त्री आल्याबिगर कशाचं झाकण उघडू नका रे. मी खुशाल जालन्याला गेलो.

आता आपल्याकडं बैलाला पाणी पाजणं म्हणत न्हाईत, पाणी दाखवणं म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. पुढ्यात बादली ठेवायची, शीळ घालायची, प्यायचं असलं तर तो पितो.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तर वेशीतच मोटार उभी. समोरून रेल्वेच्या इंजिनासारखी वाफ निघत होती, भोवती अर्धं गाव, आणि पाटील भोंगा हातात धरून गप्प. मी उडीच मारली. जाळीला हात लावला तर पोळला. फडकं धरून झाकण काढलं, आत एक थेंब न्हाई.

"सांडूबा, पाणी दाखवलं न्हाई का?"

"दाखवलं की. दोन्ही येळेला दाखवलं," सांडू म्हणाला. "पेली न्हाई."

मी म्हणलं, पेली न्हाई म्हंजे? तर तो शांतपणे सांगायला लागला. रोज सकाळ-संध्याकाळ बादली भरून रेड्यापुढं ठेवली. शीळ घातली. चिलीम ओढून होईस्तोवर थांबलो. मंग उचलली. मालकांनाही सांगितलं. मी पाटलांकडं बघितलं. पाटील दुसरीकडं बघत म्हणाले, मला वाटलं नवीन जागा हाय, दोन दिवस न्हाई प्यायची, मंग पेईल.

मी हसलो. साधा न्हाई, मांडी थापटून, खाली बसून हसलो. मंग गाव हसलं. एकजण शीळ घालायला लागला, दुसऱ्यानं रेड्यासारखा आवाज काढला. सांडू बादली घेऊन उभा होता. त्यानं एवढंच म्हणलं की झाकण उघडू नका म्हणले, तोंड कुठं हाय ते तुम्ही दावलं न्हाई. आणि तो गोठ्याकडं निघून गेला. त्याचं बराबर होतं. अपुरं शिकवलं मी, आणि हसलो त्याला. आज एवढ्या वर्षांनी लिहितानाही ते हसू माझ्या कानात जाळीतल्या रुईसारखं अडकून आहे.

पाटलांनीच मला बाजूला घेतलं. म्हणाले, त्याला नका हसू, मिस्त्री. गयाची गाडी पलटली तेव्हा कासरा त्याच्याच हातात होता. अंधार पडायच्या आत नाला ओलांडू म्हणून त्यानं घाई केली आन् चाक दरडीवर गेलं. तवापासून गया हसनाबादला आली न्हाई आन् हा धावड्याला गेला न्हाई. त्यानंच मला म्हणलं होतं, मालक, बैलांनी व्हत न्हाई तर मोटार घ्या.

मी गोठ्यात गेलो, सांडूच्या शेजारी बसलो आणि झाकण उघडून दाखवलं. हे तोंड. इथून ओतायचं. इथवर भरायचं. त्यानं तीन वेळा उघडून लावून बघितलं. मंग म्हणाला, आता कळलं. माफी मात्र मी मागितली न्हाई. त्या वयात मिस्त्री लोक माफी मागत नसतात असं मला वाटायचं.

पाण्याबिगर चालवल्यानं नुकसान व्हायचं ते झालंच होतं. इंजिनाच्या अंगावर वरचं डोकं बसतं, दोघांच्या मधे तांब्याची पातळ पट्टी असते, तिला पॅकिंग म्हणतात. ती जळाली होती. जालन्यात मिळायची न्हाई, मुंबईहून मागवायची तर दिवाळी उलटून जाणार. पाडवा आठ दिवसांवर. पाटलीणबाईंनी आतून तांब्याची परात आणून माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, माझ्या माहेरची हाय, चालंल का बघा, वन्संसाठी जाऊ द्या. तांबटाकडून ती ठोकून पातळ केली, आगीत लाल करून पाण्यात विझवली म्हणजे तांबं मऊ पडतं, आणि मी छिन्नीनं तिला भोकं पाडत दोन दिवस बसलो. पॅकिंग बसली. कुठंतरी एका कडेनं थेंब थेंब पाझरायची, पण बसली. पाटलीणबाई येऊन कान देऊन ऐकून गेल्या आणि म्हणाल्या, माझी परात बोलती.

पाडव्याला तांबडं फुटायच्या आत निघालो. मी चालवायला, पाटील शेजारी, मागं पेट्रोलचे डबे, कापसाची गादी आणि सांडू. त्याला यायचं नव्हतं. मीच म्हणलं, पाझर आहे, पाणी ओतायला माणूस लागंल. रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. मोटारीचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर, अशी आम्ही कलती वाट काढली. भोकरदनला पोरं मागं धावली, पाटलांनी त्यांना भोंगा ऐकवला. सांडू दर दोन कोसांवर म्हणायचा, मिस्त्री, थांबा, आणि उतरून पाणी ओतायचा. ओतताना शीळ घालायचा. आता मी हसलो न्हाई.

धावडा तासाभरावर आला असंल तेव्हा चढ लागला. उन्ह चढलं होतं, वारा पाठीमागून, म्हणजे जाळीला वारा न्हाई. निम्म्या चढावर इंजिन ठोके देऊ लागलं, वाफ सुटली आणि मोटार उभी राहिली. डाव्या अंगाला नाला होता, निवळशंख पाणी. पाटील उन्हाकडं बघून राह्यले होते. त्यांचं तोंड मला बघवेना. मी बादली घेऊन नाल्यावर पळालो, भरली, पळतच आलो, फडकं धरून झाकण काढलं आणि बादली उचलली.

सांडूनं माझं मनगट धरलं.

"दमलेल्या जनावराला लगेच पाणी दाखवत न्हाईत, मिस्त्री. मरतंय ते. आधी निवू द्या."

मी म्हणलं, सोड, दिवस माथ्यावर येऊन राह्यला. त्यानं सोडलं न्हाई. म्हणाला, एकदा घाई करून बघितली म्या.

तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. तापलेल्या तव्यावर पाणी मारलं की काय होतं ते कोणत्याही बाईला विचारा. तशा तापलेल्या लोखंडात गार पाणी गेलं असतं तर इंजिन तडकलं असतं, आणि तडकलेल्या इंजिनाला जगात कुणाची परात लागत न्हाई. ही गोष्ट मी शंभर लोकांना शिकवली होती. ती मला त्या दिवशी आठवली न्हाई आणि ज्याला मी शिकवली नव्हती त्याला ठाऊक होती. मी बादली खाली ठेवली. आम्ही चाकांना दगड लावले आणि लिंबाखाली बसलो. सांडू मधून मधून उठून लोखंडावर हात ठेवून यायचा, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. बऱ्याच वेळानं सांडू म्हणाला, आता दाखवा. मी तांब्यातांब्यानं ओतलं. तो शीळ घालत होता. पहिल्या हँडलाला मोटार चालू झाली.

धावड्यात शिरलो तेव्हा सावल्या कललेल्या होत्या.

गयाबाई दारातच बसल्या होत्या, बाजूला गाठोडं. भावाला बघून उठल्या, पण पुढं आल्या न्हाईत. उन्ह त्यांनाही दिसत होतं. सासूबाई बाहेर आल्या. काटक बाई, हातात पानाचा बटवा. पाटलांनी घाईघाईनं सांगायला सुरुवात केली की मोटार तापली होती, पण आमचे मिस्त्री हुशार, यांनी गाडी वाचवली, न्हाई तर आज इंजिनच गेलं असतं. धावड्याची माणसं माझ्याकडं बघून राह्यली होती. मी मिशीवरून हात फिरवला आणि गप्प बसलो. या गप्प बसण्याची लाज मला त्या हसण्याहून जास्त वाटते.

सासूबाईंचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्या सांडूकडं बघत होत्या. तो मोटारीच्या पलीकडं, बादली घेऊन, खाली मान घालून उभा.

"उशीर कामून झाला?" त्यांनी त्यालाच विचारलं.

"दमली होती. थांबलो," सांडू म्हणाला.

"त्या दिवशी थांबला असतास तर?"

"व्हय जी. तवाच शिकलो."

सासूबाईंनी बटवा कमरेला खोचला. मंग वळून आत गेल्या. गयाबाईंनी खाली बसून गाठोडं मांडीवर घेतलं आणि ते सोडायला लागल्या. पाटील खालीच बसले. मी मोटारीचं झाकण उगीच उघडून परत लावलं. माझ्या सगळ्या धंद्यात तेवढी वाट मी दुसऱ्यांदा बघितलेली न्हाई.

सासूबाई बाहेर आल्या त्या नवं लुगडं नेसून, आणि काखेत गाठोडं. सरळ मोटारीत जाऊन बसल्या.

"माझं माहेर भोकरदन," त्या म्हणाल्या. "वाटेवरच हाय न्हवं? बारा वर्षं झाली. चला, आता कामून बसले सगळे?"

मी सांगतो, माणसं अशी हसली, असे डोळे पुसले! पाटलांनी भोंगा वाजवायला हात नेला आणि तो त्यांना वाजवता येईना. गयाबाईंना गादीवर निजवलं, त्यांचं डोकं सासूच्या मांडीवर. पाटलांना जागा उरली न्हाई, ते पायरीवर उभे राहिले. सांडू माझ्या शेजारी. सगळी वाट उताराची आणि वारा समोरून, मोटार एकदाही तापली न्हाई. तरी सांडू दर दोन कोसांवर म्हणायचा, थांबा. आणि मागून सासूबाई म्हणायच्या, थांब रे मिस्त्री, तो म्हणतो तर थांब. भोकरदनला त्यांच्या भावाच्या दारात मोटार उभी केली तेव्हा तो म्हातारा गृहस्थ आधी मोटारीच्या पाया पडला, मंग बहिणीच्या. बाई उतरता उतरता मला दम देऊन गेल्या की परत नेताना मला विसरलात तर बघा.

त्या मोटारीनं पुढं पाच दिवाळ्या दोन्ही बाया माहेरी आणल्या. तांब्याची ती पॅकिंग मी कधी बदलली न्हाई. पाटलीणबाईंनीच बदलू दिली न्हाई.

पण त्या वर्षीची भाऊबीज राहिली सांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई सगळं घर हळूहळू फिरून बघून आल्या. कपिलेची वासरं बघितली, चुलीपुढच्या फरशीवर हात ठेवला. पाटलांना ओवाळलं. मंग ताट घेऊन माझ्याकडं वळल्या, म्हणाल्या, दादा, पाट घ्या, तुम्ही मला माहेर दाखवलं.

आता मात्र मला बसवेना. मी उठून उभा राहिलो आणि म्हणलं, बाई, चढावर मी गाडी मारूनच टाकली होती. सांडूबानं माझा हात धरला म्हणून ती आली. काल धावड्याला मी हे बोललो न्हाई. आधी त्याला ओवाळा, उरलं तर मला.

सांडू तिथं नव्हता. तो ओवाळणीच्या वेळेला गोठ्यातच थांबला होता. पाटील त्याला हाक मारायला निघाले, तर गयाबाई म्हणाल्या, नको, मी जाते. कमरेवर एक हात आणि दुसऱ्या हातात ताट, निरांजन विझू न देता, त्या अंगण ओलांडून गोठ्यात गेल्या. आम्ही मागं.

सांडू गव्हाणीपाशी उभा होता. बाई समोर आलेल्या बघून त्याच्या हातातली पेंढी खाली पडली.

"अक्का, म्या पाडलं तुमाला," तो म्हणाला.

"आणलंबी तूच, सांडूदादा," गयाबाई म्हणाल्या. "टोपी नीट कर."

त्यांनी त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. तो लहान पोरासारखा रडत होता. मी पुढं होऊन म्हणलं, सांडूबा, त्या दिवशी वेशीत मी हसलो, माझं चुकलं. त्यानं ऐकलं की न्हाई कळेना. उपरण्यानं तोंड पुसलं, बादली उचलली आणि मोटारीपुढं जाऊन उभा राहिला. झाकण काढलं. सगळ्यांकडं एकदा बघितलं, माझ्याकडं जरा जास्त वेळ. मंग शीळ घालत घालत बादली सावकाश रिकामी केली, झाकण लावलं आणि मला म्हणाला,

"पेली, मिस्त्री."